रिपीट नाही, सरळ पुढे

ऑर्केस्ट्रातले सगळे तिला पाठीमागे काडी म्हणायचे. एक तर हातात कायम ताल दाखवायची पांढरी काडी, आणि दुसरं म्हणजे ती स्वतःच इतकी बारीक की काळा कोट तिच्या अंगावर आहे की खुंटीवर तेच कळायचं नाही. तिला हे माहीत होतं बरं का! एकदा लिफ्टमध्ये दोन ट्रम्पेटवाले बोलत होते, "काडी आज लवकर सोडेल का रे?" आणि ती त्यांच्या मागेच उभी. "नाही सोडणार," एवढंच म्हणाली. तिसऱ्या मजल्यापर्यंत नुसते दरवाज्याकडे बघत उभे.

आणि ही काही कुणी मोठ्या घरची बाई नाही हं. बाबांनी चौतीस वर्षं शहराची बस चालवली. पोरगी ऑर्केस्ट्राची कंडक्टर झाली हे डेपोत कळलं तेव्हा त्यांच्या दोस्तांनी त्यांना नुसतं सळो की पळो केलं. "काय रे, तू ड्रायव्हर, पोरगी कंडक्टर, मग आता घरचीच गाडी काढा की!" बाबा घरी येऊन हे सगळं रंगवून सांगायचे आणि वर म्हणायचे, "मी पण सोडलं नाही त्यांना. म्हटलं, तिच्या गाडीत अठ्ठ्याहत्तर ड्रायव्हर आहेत, आणि घंटी एकट्या तिच्याकडे!"

शाळेच्या कपाटात वाद्यं होती त्यातल्या व्हायोलिन पटापट उचलल्या गेल्या, उरला व्हायोला. व्हायोलिनपेक्षा जरा मोठा, जड, आवाज घोगरा, कुणालाच नको होता. तो हिच्या गळ्यात पडला आणि तिने तो असा काही धरला की पुढे शहराच्या ऑर्केस्ट्रात नोकरीच लागली. अकरा वर्षं शेवटच्या खुर्चीवर, दाराजवळ. दार उघडलं की वारा यायचा आणि हिच्या नोटेशनचं पान उडायचं, म्हणून खिशात कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन यायची. पण तिथून एक फायदा होता. समोर कंडक्टर सरळ दिसायचा. अकरा वर्षं ती वेगवेगळ्या कंडक्टरांचे हात बघत बसली आणि मनात म्हणत बसली, अरे, हा हात कुणाला सांगतोय? कुणालाच कळत नाहीये! एक दिवस हे मोठ्याने म्हणाली. व्हायोलावाले म्हणाले, मग तू कर की. तिने केलं. आधी फक्त व्हायोलावाल्यांची तालीम, मग रात्रशाळेसारखा एक कोर्स, मग परीक्षा, आणि मग परदेशातल्या एका छोट्या गावाचं पत्र, आमचा कंडक्टर आजारी आहे, आठवडाभर याल का?

गेली. आणि तिथे पोचल्यावर तोंडचं पाणीच पळालं, कारण भाषा येत नाही! पहिल्या तालमीत एक वाक्य बोलली तर मागची रांग हसली. वाईट नव्हते ते लोक, उच्चारच तसा निघाला होता. पण ही जागच्या जागी लाल झाली आणि ठरवलं, आता बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी हॉलवर गेली आणि शब्दकोशात बघून बघून लिहिलेल्या चिठ्ठ्या एकेकाच्या स्टँडवर ठेवून आली. ओबोवालीला: "तुमचा खालचा सूर फार सुंदर आहे, तो लपवू नका." ढोलवाल्याला: "तुम्ही बरोबर आहात. बाकीचे उशिरा आहेत." लोकांनी वाचलं, एकमेकांकडे बघितलं, आणि असे वाजले, असे वाजले की त्या गावाने तिला परत तीनदा बोलावलं.

झालं. तिथून ही सवयच लागली. बावीस वर्षं, चौदा देश, आणि सगळीकडे काडीच्या चिठ्ठ्या. कुठल्या कुठल्या शहरांत म्हातारे चेलोवाले तिची चिठ्ठी वाद्याच्या पेटीत जपून ठेवतात म्हणे. तालमीत ती थांबवायची नाही, ओरडायची नाही, कुणाचा सगळ्यांसमोर पाणउतारा करायची नाही. हाताने सांगायची, आणि उरलेलं कागदावर. तिला सगळं पाठ असायचं. दीड-दीड तासाचं संगीत, अठ्ठ्याहत्तर लोकांची ओळ न् ओळ, आणि समोर स्कोअरचं पुस्तक नाही! शनिवारी कार्यक्रम झाला की रविवारी विमान. कोट हॉटेलच्या बेसिनमध्ये स्वतः धुवायची. ताई, म्हणजे तिची मोठी बहीण, दात विचकून म्हणायची, "जगभर टाळ्या आणि घरी बघितलं तर मोजे भोकाचे! अगं, दुकानात जायला पण आमंत्रण लागतं का तुला?"

पण एक्कावन्नाव्या वर्षी ती खरंच दमली होती. सकाळी जाग आली की भिंतीवर दिव्याचं बटण चाचपायची आणि ते नेहमी दुसऱ्याच भिंतीवर असायचं. आणि त्यातच कानाच्या डॉक्टरांनी ताईला बोलावून सांगितलं की बाबांचा डावा कान गेलाच आहे, उजवा अजून वर्ष, फार तर दोन वर्षं. बाबांना विमान मनाई. म्हणजे या माणसाने बावीस वर्षांत लेकीला फक्त रेडिओवर ऐकलं होतं! समोर बसून एकदाही नाही. हे ताईने फोनवर सांगितलं तेव्हा ती एका परक्या विमानतळावर रांगेत उभी होती, आणि रांग पुढे सरकली तरी तिला कळलंच नाही.

त्याच वर्षी तिच्या स्वतःच्या गावच्या ऑर्केस्ट्राचे मुख्य कंडक्टर निवृत्त झाले. तोच ऑर्केस्ट्रा, तीच दाराजवळची खुर्ची! ऑफिसने तीन जण बोलावले. प्रत्येकाला एक आठवडा, शेवटी एक कार्यक्रम, आणि मग वाजवणाऱ्यांचं मतदान. अठ्ठ्याहत्तरपैकी बावन्न मतं मिळाली तर जागा तुमची. तिसरा आठवडा काडीचा होता.

"मिळालं तर बरं होईल ना गं," भांडी पुसता पुसता ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा टोचरा नव्हता.

"मिळालं तर वर्षाला आठ कार्यक्रम. बाबा दुसऱ्या रांगेत," ती म्हणाली.

"आणि मी?" सोफ्यावरून भावोजी.

"तुम्ही पण या की. कुठेही झोपता तसे तिथे झोपा."

आठवडा झकास गेला. रोज सकाळी चिठ्ठ्या, दिवसभर तालीम. चार भागांची मोठी सिम्फनी होती, आणि तिच्यात सगळ्यात अवघड काम हॉर्नचं. पहिला हॉर्न म्हणजे तात्या. बासष्ट वर्षांचे, पोट सुटलेलं, जीभ तिखट. ही व्हायोला वाजवायची तेव्हाही तात्या तिथेच होते. गेल्या मोसमात त्यांचे दोन सूर फाटले होते, आणि ऑफिसच्या मॅनेजरने त्यांना पत्र दिलं होतं की या मोसमात तुमच्या वादनाकडे लक्ष ठेवलं जाईल. ते पत्र तात्यांनी स्वतःच कॅन्टीनच्या फळ्यावर लावलं. "सगळ्यांनी लक्ष ठेवा रे बाबांनो, एकट्या मॅनेजरला कसं जमणार?" सगळे हसले. पण हॉर्न पुसताना त्यांचा हात हल्ली थरथरायचा, हे तिने बघितलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी शेवटची तालीम अकराला संपली, लोक जेवायला पांगले, आणि बाराला रेडिओवाल्यांचा फोन आला. कार्यक्रम सहापासून थेट जाणार होता, साडेसातला बातम्या, आणि त्यांच्या हिशेबाने चार मिनिटं जास्त होत होती. काहीतरी कापा.

तिने लगेच ठरवलं. सिम्फनीच्या पहिल्या भागाचा सुरुवातीचा तुकडा दोनदा वाजवायचा असतो. एकदा संपला की परत पहिल्यापासून, त्यालाच हे लोक रिपीट म्हणतात. तो घ्यायचा नाही, सरळ पुढे जायचं. चार मिनिटं सुटली! पुष्कळ कंडक्टर असं करतात, त्यात काही पाप नाही.

पहिली व्हायोलिन वाजवणारी बाई, सगळे तिला लीडर म्हणतात, तिथेच होती. ती म्हणाली, "मॅडम, सहाच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावू का? तोंडीच सांगून टाका."

"नको, नको. चिठ्ठ्या ठेवते ना."

आणि बसली कॅन्टीनच्या टेबलावर. अठ्ठ्याहत्तर चिठ्ठ्या, स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात: "पहिल्या भागात रिपीट नाही. सरळ पुढे." नोटेशन सांभाळणाऱ्या लायब्ररीवाल्या काकांनी त्या एकेका स्टँडवर ठेवल्या, तिने मागून जाऊन परत मोजल्या. एकही चुकली नाही. फक्त एक गोष्ट राहिली. अठ्ठ्याहत्तर जणांना आठवण दिली, आणि एकोणऐंशीव्या माणसाला दिलीच नाही! तिच्यापुढे स्टँडच नव्हता ना. तिला सगळं पाठ होतं. वीस वर्षं पाठ होतं, रिपीटसकट.

बाबा दुसऱ्या रांगेत डाव्या टोकाला बसले, म्हणजे उजवा कान ऑर्केस्ट्राकडे येईल. इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. शेजारी भावोजी. ताई घरी, रेडिओला चिकटून, कारण ती म्हणायची मला समोर बसून बघवणार नाही.

सुरुवात इतकी छान झाली! पहिला तुकडा असा भरत भरत वर गेला आणि ते वळण आलं. इथून मागे जायचं तर एकदम हळू, नुसत्या व्हायोलिन. आणि पुढे जायचं तर एकट्या हॉर्नची मोठी ललकारी. आणि काडीचा हात, ज्या हाताने चौदा देशांत एकदाही दगा दिला नाही, तो हात खाली आला. हळू. व्हायोलिनकडे. मागे.

अर्ध्या व्हायोलिन चिठ्ठी विसरून हाताबरोबर मागे गेल्या. अर्ध्या थांबल्या. आणि तात्या, चिठ्ठीत लिहिलं होतं तसे, छातीभर श्वास घेऊन, एकटे, खणखणीत, सरळ पुढे!

बघा ना काय झालं. अख्ख्या हॉलमध्ये एकटा तो माणूस बरोबर होता, आणि अख्ख्या हॉलला एकटा तोच चुकल्यासारखा दिसला. तात्यांचे डोळे हॉर्नच्या वरून तिच्याकडे बघत होते, गोंधळलेले, तरी त्यांनी सूर सोडला नाही. तिने हात फिरवला, त्यांना धरलं, व्हायोलिन ओढून आणल्या, आणि पाच-सहा मात्रांत गाडी रुळावर. नंतरचा सगळा भाग व्यवस्थित झाला. पण पहिला भाग संपून शांतता झाली तेव्हा मागे कुणीतरी खुदकन हसलं. तिने मान वळवली. चौथ्या रांगेत मॅनेजर शेजारच्याच्या कानाशी लागला होता आणि मान हलवत होता, पाहिलंत ना, मी सांगत होतो ना. तात्या खाली बघून हॉर्नमधलं पाणी काढत होते. कान लालबुंद.

आता खरं सांगायचं तर तिला काहीच करायची गरज नव्हती. वाजवणाऱ्यांना माहीत होतं चूक कुणाची, पण ते काही स्टेजवरून सांगणार नव्हते. बाहेरच्यांना हॉर्न फाटला असंच वाटणार होतं. उद्या सकाळी दहाला मतदान. रेडिओ चालू. दुसऱ्या रांगेत बाबा. हात वर करून दुसरा भाग सुरू केला असता की संपलं असतं.

तिने काडी खाली ठेवली आणि प्रेक्षकांकडे वळली. बावीस वर्षांत ती स्टेजवरून एक अक्षर बोलली नव्हती.

"एक मिनिट," ती म्हणाली. आवाज चिरकला. "मघाशी गडबड झाली ती माझ्यामुळे. आज इथून सरळ पुढे जायचं होतं. मीच सगळ्यांना लिहून दिलं होतं, आणि मीच विसरले. हॉर्न बरोबर होता. एकटा तोच बरोबर होता." मग थोडं थांबून, "आणि त्यांनी ते इतकं सुंदर वाजवलं की गडबडीत तुम्हाला ऐकूच आलं नसेल. तेवढं परत वाजवतो."

वळली, हात वर केला. तात्यांनी तोंड पुसलं, हॉर्न उचलला. आणि त्या माणसाने जे काय वाजवलं ना! हॉलचे दिवेसुद्धा जरा जास्त लागल्यासारखे वाटले. हात थरथरत नव्हता. सूर असा सरळ गेला, गोल, भरलेला, शेवटच्या रांगेतल्या भिंतीला लागून परत आला. मागे कुणी हसलं नाही.

त्या दीड मिनिटाने मात्र रेडिओचं वाटोळं केलं. साडेसातचे टोले पडले आणि सिम्फनीचा शेवट व्हायच्या आधीच बातम्या घुसल्या. ताईचा फोन आला तोच किंचाळत, "अगं, शेवटचा दणका यायचा तिथे हवामान आलं! उद्या ढगाळ आहे म्हणे!"

हॉलबाहेर मॅनेजरने तिला गाठलं. थेट कार्यक्रमात असा तमाशा, रेडिओवाले नाराज, संचालक मंडळ नाराज, आणि हे सगळं मतदानाच्या आदल्या दिवशी, कळतंय का तुम्हाला? ती फक्त "हो" म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की गेली जागा. बाबांना हाताला धरून पायऱ्या उतरवताना तिला रडू येत होतं आणि बाबा मजेत होते.

"त्या हॉर्नवाल्याचं परत ऐकवलंस ते बरं केलंस. पहिल्यांदा हे ऐकायचं मशीन शिट्टी मारत होतं कानात."

"बाबा, मी चुकले."

"हो, सांगितलंस की तसं. ऐकू आलं मला." दोन पायऱ्या गेल्यावर म्हणाले, "मी एकदा बस चुकीच्या रस्त्याला घातली होती. गाडी खचाखच. सगळ्यांना सांगितलं, पुढे खोदकाम चालू आहे, म्हणून इकडून नेतोय. खोदकाम कसलं नि काय. एक बाई उतरताना थँक्यू म्हणाली. तीस वर्षं झाली, ती बाई अजून डोळ्यांपुढे येते." तेवढ्यात भावोजींनी टॅक्सीला हात केला.

दुसऱ्या दिवशी दहाला मतदान. ती वाद्यांच्या खोलीत दोन डबलबासच्या मधे खुर्ची टाकून बसली होती. पावणेअकराला लीडर आत आली, हातात कागद, आणि मागे तात्या.

"त्रेपन्न," लीडर म्हणाली.

बावन्न हवी होती! एका मताने सुटली होती. तिने तात्यांकडे बघितलं आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "तात्या, तुमचे उपकार..."

"माझे कसले?" तात्या म्हणाले. "मी विरोधात मत दिलं."

लीडरने कपाळावर हात मारला. "तात्या, आत्ताच सांगायला हवं होतं का?"

"मग कधी, चिठ्ठी लिहून?" तात्या तिच्याकडे वळले. "हे बघा मॅडम. काल तुम्ही जे केलंत ना, ते चाळीस वर्षांत माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. बायकोने रेडिओवर ऐकलं, ती रडत होती. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण सहाच्या आधी दोन शब्द तोंडाने बोलला असतात, तर तुमचं तुम्हालाच ऐकू आलं असतं, आणि ही वेळच आली नसती. तुमच्या चिठ्ठ्या छान असतात हो. पण चिठ्ठीला उत्तर द्यायचं कसं? तुम्ही ठेवून जाता आणि रविवारी विमानात बसता. पाहुण्याला ते चालतं. इथे राहायचं असेल तर बोलावं लागेल, आणि आमचं ऐकावं लागेल. पंचवीस जणांचं हेच म्हणणं आहे. मी फक्त जरा जाडा आहे म्हणून मला पुढे पाठवलं."

बावीस वर्षांत, चौदा देशांत, हे तिला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे तिला राग येईना. उलट डोक्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"आता तालीम आहे ना अकराला?" तिने विचारलं.

"आहे."

अकराला ती उभी राहिली. समोर अठ्ठ्याहत्तर जण, स्टँडवर नोटेशन आणि पेन्सिली, बाकी काही नाही. तिला मत दिलेले पन्नासेक चेहरे खुशीत, उरलेले जरा चोरटे. तिने दोनदा घसा साफ केला.

"काल बातम्यांनी खाल्ला तो शेवटचा भाग घेऊ," ती म्हणाली. मग नजर उचलून सरळ मागच्या रांगेकडे. "तात्या, तुम्ही शेवटच्या भागात उशिरा येता. अर्ध्या मात्रेने. रोज."

क्लॅरिनेटवाल्याने तोंडातलं वाद्य बाहेर काढलं.

"रोज नाही," तात्या म्हणाले. "मंगळवारी वेळेवर आलो होतो."

"मंगळवारी तुम्ही दातांच्या डॉक्टरकडे होता. तुमच्या जागी दुसरा हॉर्न वाजवत होता."

आधी ट्रम्पेटवाले फुटले, मग व्हायोला, मग सगळेच. तात्या पोट धरून हसले, हॉर्न मांडीवरून घसरला तो शेजारच्याने पकडला. "बरं, येतो वेळेवर," ते डोळे पुसत म्हणाले. "पण मग तुम्ही तिथे हात जरा मोठा करा. मला या वयात इथून दिसत नाही."

"केवढा?"

"असा."

तिने हात तेवढा करून दाखवला, तात्यांनी मान डोलावली, आणि तिने मात्रा मोजायला सुरुवात केली.